वऱ्हाडातील लोकमत आणि कायद्याचा अधिकार

कायदे घडविण्यात प्रजेचा वाटा किती, हा प्रश्न यवतमाळ जिल्ह्याच्या इतिहासात विलक्षण रूपाने उभा राहिलेला दिसतो. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १९०२ च्या कराराने तो सालिना २५ लाख रुपये खंडाने कायम झाला. सार्वभौमत्व मात्र नावाला निजामाचेच राहिले. त्यामुळे तांत्रिक अर्थाने वऱ्हाड ‘ब्रिटिश हिंदुस्थान’ नव्हता. १९१९ च्या सुधारणांनंतर येथील मतदारांनी प्रतिनिधी निवडले, तरी सरकार त्यांची ‘नियुक्ती’ करी व मगच ते कायदेमंडळात बसत. मत होते, त्या मतातून अधिकार थेट निपजत नव्हता.

वणी येथे जन्मलेले लोकनायक माधव श्रीहरि अणे मध्यवर्ती कायदेमंडळात वऱ्हाडचे प्रतिनिधी होते. सभागृहाचा मार्ग अनुभवलेल्या याच अण्यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदजवळ राखीव जंगलातील गवत कापून जंगल कायदा मोडला. मीठ समुद्रकाठचे, वऱ्हाडी शेतकऱ्यास जाचत होते ते चराईचे व सरपणाचे निर्बंध. या सत्याग्रहास केवळ कायदेभंग म्हणणे अपुरे होय. ज्या कायद्यावर मत देण्याची सोय नव्हती, त्याविषयी प्रजेने दिलेला तो कौल होता.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने प्रौढ मताधिकार दिला. कायद्यांवर सार्वमत घेण्याची तरतूद मात्र केली नाही. जंगलाच्या प्रश्नात ग्रामसभेला स्थान मिळाले ते पुढे १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने. मारेगाव, राळेगाव, केळापूर व घाटंजी या तालुक्यांतील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. वनहक्काच्या दाव्यावर निर्णय जिल्हास्तरीय समितीचा असला, तरी प्रक्रियेचा आरंभ ग्रामसभेच्या ठरावानेच होतो. २०१२ च्या दुरुस्तीनुसार त्या सभेस निम्मे सदस्य, आणि उपस्थितांत एकतृतीयांश स्त्रिया, आवश्यक आहेत. हे कायदे करणे नव्हे, हे खरे. परंतु येथे लोकमताला कायदेशीर परिणाम आहे.

केंद्र सरकारने २०१४ मध्ये विधेयकांचे मसुदे किमान ३० दिवस जनतेपुढे ठेवण्याचे धोरण स्वीकारले. त्याच वर्षी ‘मायगव्ह’ हे संकेतस्थळ सुरू झाले. आता घरबसल्या अभिप्राय नोंदविता येतो, मतचाचणीत भाग घेता येतो. अंतर मिटले, ही लहान गोष्ट नव्हे. तथापि तो अभिप्राय शासनावर बंधनकारक नाही. निवडून दिलेल्यास नियुक्तीची वाट पाहावी लागत होती, त्या काळाची येथे आठवण होते. म्हणून संगणकीय मतदानाचे मोल किती मते पडली यावरून नव्हे, तर पडलेल्या मताला उत्तर देण्यास शासन कितपत बांधलेले आहे यावरून ठरविले पाहिजे.