वंशावळ आणि वचन

कोलकात्याच्या दक्षिणेकडील बेहाला भागात बडिशा नावाची जुनी वस्ती आहे. तेथील सावर्ण रायचौधुरी घराणे आपली वंशावळ आजही जपून आहे. कुलपरंपरा असे सांगते की, या वंशातील एक पुरुष संसार सोडून संन्यासी झाला आणि राजा मानसिंगाने त्याला गुरू मानले. संन्याशाला दक्षिणा द्यावी तरी काय? तेव्हा ती त्याच्या मुलाला, लक्ष्मीकांताला, मिळाली. इ.स. १६०८ मध्ये त्याला दक्षिण बंगालातील कित्येक परगण्यांची जहागीर लाभली आणि १६१० पासून बडिशाच्या आठचाला मंडपात दुर्गापूजा सुरू झाली. पित्याला दिलेला शब्द पुत्राच्या पदरी पडला, हा या वंशावळीचा पहिला धागा होय.

महाराष्ट्रातील श्रोत्यांना यात नवल वाटणार नाही. वतनाचा तंटा उभा राहिला की आपल्याकडेही वंशावळ पुढे येई. ती केवळ नावांची माळ नसे, हक्काचा पुरावा असे. हिब्रू लोकांच्या वंशावळींकडेही याच दृष्टीने पाहावयास हवे. बायबल वाचणारा सामान्य वाचक त्या नावांची पाने उलटून पुढे जातो. खरे तर त्या पानांतच एका मोठ्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे.

देवाने अब्राहामाला संततीचे वचन दिले, दावीदाला अक्षय राजवंशाचे. परंतु इ.स.पू. ५९७ मध्ये दावीदाच्या कुळातील तरुण राजा यखन्या कैद होऊन बाबेलला गेला, आणि पुढे अकरा वर्षांनी यरुशलेमही पडले. मग ते वचन कोठे राहिले? यिर्मया संदेष्ट्याने तर या राजाविषयी कठोर वाणी उच्चारली होती: तो निपुत्रिक म्हणून नोंदविला जावा, त्याचा कोणी वंशज दावीदाच्या गादीवर बसणार नाही, आणि तो देवाच्या हातातील मुद्रा असता तरी उपटून फेकला जाईल. असे असता पहिल्या इतिहासाच्या ग्रंथात त्याच यखन्याचे पुत्र, पौत्र, पणतू शांतपणे एकामागून एक नोंदलेले आहेत. त्यांतील जरुब्बाबेल पुढे यरुशलेमेला परतला, आणि हाग्गय संदेष्ट्याने त्यालाच देवाची मुद्रा म्हटले. फेकलेली मुद्रा पुन्हा हाती आली!

विशेष हे की, याची एक साक्ष बायबलबाहेरही सापडते. बाबेलच्या उत्खननात निघालेल्या मातीच्या पाट्यांवर, यहूदाचा राजा व त्याचे पाच पुत्र यांना दिलेल्या तेलाची नोंद आहे. बाबेलच्या कारकुनाने केवळ शिध्याचा हिशेब मांडला होता. परंतु वचनाचा वंश जिवंत होता, हेही त्यात नकळत लिहिले गेले.

वंशावळ सर्वच सांगते असे मात्र नव्हे. मत्तयाने आपल्या यादीत चौदा-चौदा पिढ्यांची मांडणी साधण्यासाठी अहज्या, योआश, अमस्या हे तीन राजे वगळले. उलट तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची पत्नी या चौघींना आवर्जून स्थान दिले. एरवी अशा याद्यांत स्त्रियांना फारशी जागा नसे, आणि या चौघींपैकी किमान दोघी परक्या कुळातील. बंगालच्या कुलपंजिकांविषयीही इतिहासकार सावध असतात. कनौजहून पाच ब्राह्मण आणविणाऱ्या आदिशूर राजाच्या कथेला समकालीन पुरावा मिळत नाही.

पण बडिशाच्या घराण्याची कागदपत्रांतील नोंद खरी आहे. १० नोव्हेंबर १६९८ रोजी सुतानुटी, कलिकाता व गोविंदपूर या तीन गावांचे हक्क तेराशे रुपयांना ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले. जमीन गेली, शहर वाढले, आणि जॉब चार्नॉक हा त्याचा संस्थापक ठरला. २००१ मध्ये या घराण्याच्या परिषदेने कोलकाता उच्च न्यायालयात धाव घेतली. इतिहासकारांच्या समितीचे मत घेऊन १६ मे २००३ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, चार्नॉक हा कोलकात्याचा संस्थापक मानता येणार नाही आणि या शहराला निश्चित असा जन्मदिवसही नाही. बडिशाच्या मंडपात मात्र लक्ष्मीकांताचे वंशज दरवर्षी आश्विनात पूजेला एकत्र येतात.