स्ट्राइड पियानोची आरंभीची ध्वनिमुद्रणे आणि पियानो रोलची पुनर्प्रकाशने : एक साधनचिकित्सा

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांचे अस्सल, दुय्यम आणि संशयित असे वर्गीकरण करण्याची शिस्त महाराष्ट्रातील इतिहास संशोधनाला नवी नाही. कागदपत्रांच्या बाबतीत रूढ झालेली ही शिस्त ध्वनीच्या साधनांना मात्र क्वचितच लावली जाते. तबकडीवर किंवा सीडीवर एखाद्या वादकाचे नाव छापलेले असले की ऐकू येणारे वादन त्याचेच, असे गृहीत धरले जाते. अमेरिकेतील जॅझ संगीताच्या आरंभकाळात हे गृहीतक फार सावधपणे तपासावे लागते. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे घडलेल्या ‘स्ट्राइड’ पियानो शैलीची साधने दोन प्रकारची आहेत : ध्वनिमुद्रिका आणि छिद्रांकित कागदाचे पियानो रोल. या दोन्ही साधनांचे स्वरूप, त्यांच्या मर्यादा आणि पुढील काळातील त्यांची पुनर्प्रकाशने यांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

स्ट्राइड शैलीचे स्वरूप व सामाजिक पार्श्वभूमी

‘स्ट्राइड’ या शब्दाचा अर्थ लांब ढांग असा आहे. या शैलीत डावा हात पहिल्या व तिसऱ्या मात्रेला खर्जातील स्वर वाजवतो आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेला पियानोच्या मध्यभागी झेप घेऊन स्वरसंघात वाजवतो. हाताच्या या सततच्या ये-जा करण्यावरून शैलीला नाव मिळाले. उजवा हात त्याच वेळी स्वरावली, अलंकार आणि तालाविरुद्ध जाणारे आघात यांची गुंफण करतो. एकच वादक अशा रीतीने संपूर्ण वाद्यवृंदाचे काम करतो. रॅगटाइम या आधीच्या शैलीतून ही पद्धत निघाली. परंतु रॅगटाइम प्रामुख्याने छापील स्वरलिपीतून पसरले, तर स्ट्राइडचा आत्मा प्रत्यक्ष वादनातील बदलांत होता.

या शैलीचे अध्वर्यू जेम्स पी. जॉन्सन (१८९४–१९५५) यांचा जन्म न्यू जर्सीतील न्यू ब्रन्सविक येथे झाला. १९०८ च्या सुमारास त्यांचे कुटुंब न्यूयॉर्कला आले. मॅनहॅटनच्या सॅन वान हिल या वस्तीतील ‘जंगल्स कसिनो’ या नृत्यस्थळी ते पियानो वाजवीत. दक्षिण कॅरोलायना व जॉर्जियाच्या किनारपट्टीवरून स्थलांतरित झालेले कृष्णवर्णीय कष्टकरी तेथे आपली गावाकडची समूहनृत्ये करीत. जॉन्सन यांची ‘कॅरोलायना शाउट’ ही रचना याच नृत्यांच्या साथीतून आकाराला आली. पुढे हार्लेममध्ये घरभाडे भरण्यासाठी लोक आपल्या घरीच मेजवानी ठेवीत, पाहुण्यांकडून प्रवेशमूल्य घेत आणि पियानोवादकाला बोलावीत. वादकांमध्ये तेथे चढाओढ लागे. विली ‘द लायन’ स्मिथ, लकी रॉबर्ट्स आणि वयाने लहान असलेले टॉमस ‘फॅट्स’ वॉलर (१९०४–१९४३) ही या परंपरेतील प्रमुख नावे होत.

या चढाओढीत जे वाजले ते बहुतेक सारे हवेत विरले. ‘अबा लाबा’ या टोपणनावाने ओळखले जाणारे रिचर्ड मॅक्लीन यांच्यासारखे वादक केवळ समकालीनांच्या आठवणींत उरले. लकी रॉबर्ट्स यांचा जन्म १८८७ मधील. त्यांची ‘जंक मॅन रॅग’ ही रचना १९१३ मध्ये छापली गेली, पण त्यांच्या एकल वादनाच्या तबकड्या निघाल्या त्या १९४६ मध्ये, म्हणजे वयाची साठी जवळ आल्यावर. उमेदीच्या काळातील त्यांच्या एकल वादनाची तबकडी इतिहासाला उपलब्ध नाही.

ध्वनिमुद्रिकेच्या आधी रोल

ध्वनिमुद्रण कंपन्यांनी १९२० पूर्वी फारच थोड्या कृष्णवर्णीय कलावंतांना संधी दिली. ऑगस्ट १९२० मध्ये मेमी स्मिथ यांनी ओके कंपनीसाठी ‘क्रेझी ब्लूज’ ध्वनिमुद्रित केले. त्याच्या मोठ्या खपामुळे कृष्णवर्णीय ग्राहकांची बाजारपेठ कंपन्यांच्या लक्षात आली आणि चित्र पालटू लागले. पियानो रोलच्या व्यवसायात मात्र हे दार त्याआधीच किलकिले झाले होते. जॉन्सन १९१७ पासून रोल तयार करीत होते. ‘कॅरोलायना शाउट’चा त्यांचा पहिला रोल आर्टेम्पो कंपनीने १९१८ मध्ये काढला, दुसरा क्यूआरएस कंपनीने १९२१ मध्ये. तबकडी त्यानंतर, १८ ऑक्टोबर १९२१ रोजी, ओके कंपनीसाठी ध्वनिमुद्रित झाली. त्याच वर्षी कृष्णवर्णीय मालकीच्या ब्लॅक स्वान कंपनीसाठी त्यांनी ‘हार्लेम स्ट्रट’ वाजवले.

रोल ही तेव्हा किरकोळ वस्तू नव्हती. एडविन व्होटी यांनी १८९५ मध्ये ‘पियानोला’ हे यंत्र तयार केले. १९०८ मध्ये बफेलो येथे उत्पादकांनी एकत्र येऊन रोलची मापे निश्चित केली : रुंदी सव्वाअकरा इंच आणि ८८ पट्ट्यांच्या वाद्यासाठी एका इंचात नऊ छिद्रे. त्यामुळे कोणत्याही कंपनीचा रोल कोणत्याही स्वयंचलित पियानोवर चालू लागला. १९२० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत तयार होणाऱ्या पियानोंपैकी निम्म्याहून अधिक पियानो स्वयंचलित होते.

रोल म्हणजे दस्तऐवज की यंत्राचा भाग, हा प्रश्न कायद्यापुढेही आला होता. व्हाइट-स्मिथ विरुद्ध अपोलो या १९०८ च्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रोल ही स्वरलिपीची प्रत नव्हे, असा निर्णय दिला. १९०९ च्या कायद्याने हा परिणाम बदलून रचनाकाराला प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट देण्याची तरतूद केली. ही तरतूद रचनाकारासाठी होती. वादकाच्या हाताला कायद्याने काही दिले नाही.

रोल कसा तयार होई

रोलच्या विश्वसनीयतेचा विचार करताना त्याची निर्मितिप्रक्रिया समजून घेणे आवश्यक ठरते. ‘हाताने वाजवलेला’ रोल तयार करताना वादक खास पियानोवर वाजवी आणि प्रत्येक पट्टीच्या दाबाची खूण फिरत्या कागदावर उमटे. या खुणांवरून कंपनीचा संपादक मूळ प्रत तयार करी. चुकीचे स्वर तो काढून टाकी, लय नियमित करी आणि बाजाराच्या रुचीप्रमाणे सप्तकातील जोडस्वर व कंपने यांची भर घाली. त्यामुळे काही रोलमध्ये दोन हातांना एकाच वेळी वाजवणे अशक्य असे स्वर आढळतात. सामान्य ८८ पट्ट्यांच्या रोलमध्ये स्वराचा लहानमोठेपणा नोंदला जात नसे. तो पियानो चालवणाऱ्याच्या पायांवर आणि खटक्यांवर अवलंबून असे. वेल्टे-मिन्यों किंवा ड्युओ-आर्ट यांसारख्या महाग यंत्रांत ही सोय होती, पण हार्लेमच्या वादकांचे बहुतेक रोल साध्या प्रकारचे होते.

लयीची अडचण आणखी वेगळी आहे. रोलवर गतीचा आकडा छापलेला असे; ७० म्हणजे मिनिटाला सात फूट कागद. परंतु कागद गुंडाळला जाईल तसतसा रिळाचा व्यास वाढतो आणि गतीही वाढत जाते. येथे तबकडी व रोल यांतील एक मूलभूत भेद ध्यानात येतो. तबकडी चुकीच्या गतीने फिरवली, तर स्वरही चढतो किंवा उतरतो आणि चूक कानाला कळते. रोल कितीही जलद किंवा संथ चालवला तरी पियानोचा स्वर तोच राहतो. चूक उघड करणारा साक्षीदार रोलमध्ये नसतो.

तबकडीलाही मर्यादा होत्याच. १९२५ पूर्वीच्या कर्ण्याच्या पद्धतीत पियानोचा खर्ज दबून जाई, आणि स्ट्राइडचा पाया तर खर्जातच आहे. दहा इंची तबकडीवर सुमारे तीनच मिनिटे मिळत. तासन्‌तास चालणाऱ्या चढाओढीचे त्यात काय मावणार? विद्युत ध्वनिमुद्रण आल्यानंतर परिस्थिती सुधारली. वॉलर यांनी १९२९ मध्ये व्हिक्टरसाठी केलेले ‘हँडफुल ऑफ कीज’ आणि जॉन्सन यांचे १९३० मधील ‘यू हॅव गॉट टू बी मॉडर्निस्टिक’ यांत दोन्ही हात सुस्पष्ट ऐकू येतात.

‘कॅरोलायना शाउट’ : तुलनात्मक विचार

या एका रचनेची तीन रूपे शेजारी ठेवली असता साधनांतील फरक स्पष्ट होतो. १९१८ च्या रोलमध्ये रचनेचा सांगाडा दिसतो, पण चाल बरीचशी रॅगटाइमची आहे. १९२१ चा रोल तालाच्या दृष्टीने अधिक गुंतागुंतीचा आहे. तबकडीत मात्र डाव्या हाताची नेहमीची ये-जा मध्येच मोडते. खर्जाचे आघात तीन-तीन-दोन अशा गटांत पडतात आणि ऐकणाऱ्याचा तोल क्षणभर जातो. ज्या भागांची पुनरावृत्ती होते तेथेही जॉन्सन तेच पुन्हा वाजवत नाहीत. वादकाच्या बोटांचे वजन फक्त तबकडीत आहे.

तरीही या शैलीचा प्रसार घडवला तो रोलनेच. वॉशिंग्टनमधील तरुण ड्यूक एलिंग्टन यांनी यंत्राची गती कमी करून, खाली जाणाऱ्या पट्ट्या पाहत ही रचना आत्मसात केली आणि पुढे जॉन्सन त्या शहरात आले असता त्यांच्यासमोर ती वाजवली. गुरू समोर नसताना पट्ट्यांवरून विद्या घेण्याचा हा मार्ग तबकडी देऊ शकत नव्हती. म्हणजे वादनाचा पुरावा म्हणून दुबळा असलेला रोल अध्यापनाचे साधन म्हणून प्रभावी ठरला.

स्कॉट जॉप्लिन यांच्या बाबतीत तबकडीचा पर्यायच नाही. १९१७ मध्ये निधन पावलेल्या जॉप्लिन यांची एकही तबकडी नाही. १९१६ चे मोजके रोल तेवढे आहेत. कॉनराइझ्ड कंपनीचे त्यांचे रोल संपादकाच्या हाताने सजलेले वाटतात, तर यूनि-रेकॉर्डच्या ‘मेपल लीफ रॅग’मधील लय अडखळती आहे. काहींना त्यात त्यांच्या आजाराच्या खुणा दिसतात. एकच वादक, एकच वर्ष, आणि दोन अगदी भिन्न प्रतिमा. त्यांचे रोल अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीच्या २००२ सालच्या पहिल्याच यादीत समाविष्ट झाले, ही बाब या साधनाचे मोल अधोरेखित करते.

पुनर्प्रकाशनांचा इतिहास

१९२९ ची मंदी आणि रेडिओचा प्रसार यांमुळे रोलचा व्यवसाय कोसळला. क्यूआरएसचे कृष्णवर्णीय संपादक जे. लॉरेन्स कुक (१८९९–१९७६) यांनी पडत्या काळात तो जिवंत ठेवला. इतर वादकांच्या शैलीत रोल रचण्यात त्यांचा हातखंडा होता. त्यामुळे रोलवर कोणते नाव आहे आणि हात कोणाचा आहे, हा प्रश्न आणखी बिकट होतो.

दीर्घ मुद्रिकांचे युग आल्यावर जुन्या रोलना नवे जीवन मिळाले. १९५० च्या दशकात रिव्हरसाइड कंपनीने आणि १९७० च्या दशकात बायोग्राफ कंपनीने जॉन्सन व वॉलर यांचे रोल वाजवून त्यांच्या मुद्रिका काढल्या. दुर्मिळ रचना त्यामुळे सर्वांना ऐकता आल्या, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु पियानो कोणता, गती कोणी ठरवली, लहानमोठेपणा कोणी दिला, याचा उलगडा वेष्टनावरून होईलच असे नाही. १९९३ मध्ये आर्टिस वोडहाउस यांनी गर्श्विन यांचे आणि १९९७ मध्ये जेली रोल मॉर्टन यांचे रोल नॉनसच कंपनीसाठी संगणकनियंत्रित पियानोवर सादर केले. मॉर्टन यांच्या तबकड्यांशी तुलना करून रोलमध्ये नसलेल्या छटा त्यात भरण्यात आल्या. हे काम अभ्यासपूर्ण आहे. तथापि ते भाष्य आहे, मूळ पाठ नव्हे. २०१४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने सुरू केलेल्या प्रकल्पात रोलच्या कागदाचीच प्रतिमा घेतली जाते. त्यामुळे छिद्र आणि भाष्य वेगळे ठेवता येतात.

या शैलीचा एक धागा मुंबईपर्यंत आला होता. शिकागोत नाव मिळवलेले पियानोवादक टेडी वेदरफोर्ड (१९०३–१९४५) १९२६ मध्ये आशियात आले आणि १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागले. त्या काळच्या गोमंतकीय वादकांना अमेरिकन जॅझचा प्रत्यक्ष सहवास अशा कलावंतांमुळे घडला. कलकत्त्यात कॉलऱ्याने त्यांचे निधन झाले. त्यांचे वादन मोजक्या तबकड्यांतच उरले आहे.

निष्कर्ष

१. स्ट्राइड शैलीच्या १९२० पूर्वीच्या इतिहासासाठी पियानो रोल हे अपरिहार्य साधन आहे. तबकडीने ज्यांना वगळले त्यांची नोंद त्यात काही अंशी सापडते.

२. रोल हा रचनेचा आणि प्रसाराचा भक्कम पुरावा आहे. लय, स्पर्श आणि लहानमोठेपणा यांबाबत तो संपादित, दुय्यम पुरावा मानावा लागतो.

३. पुनर्प्रकाशित मुद्रिका हे तिसऱ्या पायरीचे साधन आहे. तिचा वापर करताना मूळ रोल, यंत्र व गती यांची नोंद तपासणे आवश्यक आहे.

४. एकाच रचनेचा रोल आणि तबकडी दोन्ही उपलब्ध असतील, तेथे तुलनात्मक पद्धतीच अधिक विश्वसनीय ठरते.

हार्लेमच्या या वादकांना हयातीत मानमान्यता अपुरीच मिळाली. निदान त्यांच्या नावावर दुसऱ्याचा हात आणि दुसऱ्याच्या हाताखाली त्यांचे नाव जाऊ नये, एवढी काळजी इतिहासाने घेणे हे त्यांचे उरलेले देणे आहे.