खाकीखालचा धर्म

मराठीत 'धर्म' हा शब्द दोन घरांत नांदतो. शेजारधर्म, राजधर्म म्हणताना आपल्या मनात कर्तव्य असते. जनगणनेच्या रकान्यात तोच शब्द लिहिताना उपासनापंथ असतो. अंगावर खाकी चढली की या दोन अर्थांत तंटा उभा राहण्याचा संभव असतो. महाराष्ट्राच्या अर्धशतकाच्या इतिहासात हा तंटा कुठे दिसला आणि कुठे दिसूनही न पाहिल्यासारखा झाला, याचा विचार येथे करावयाचा आहे.

दिसलेला तंटा दाढीचा. राज्य राखीव पोलीस दलातील एका मुस्लीम जवानाला दाढी राखण्याची आधी दिलेली परवानगी मागे घेण्यात आली. २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने दलाची बाजू उचलून धरली. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सहानुभूतीने मार्ग सुचविला: विशिष्ट धार्मिक काळापुरती दाढी ठेवावी आणि सेवेत परतावे. जवानाच्या वतीने तो नाकारला गेला. शिस्त आणि संविधानाचे पंचविसावे कलम यांचा हा वाद गंभीर होता, हे आम्हांस मान्य आहे. तथापि त्या दाढीमुळे कोणाची फिर्याद नोंदवायची राहिली, असा आक्षेप त्यात नव्हता.

आता दुसरी बाजू पाहू. मे १९७० मध्ये भिवंडी, जळगाव व महाड येथे दंगली झाल्या. त्यांची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन आयोगाने भिवंडीच्या विशेष तपास पथकावर ठपका ठेवला तो धर्म पाहून तपास केल्याचा. येथे दाढी नव्हती, टिळा नव्हता. गणवेश नियमाप्रमाणेच होता. बिघडला होता तो तपास. बाविसेक वर्षांनी, डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये, मुंबईत हेच अधिक भीषण रूपात घडले. सुमारे ९०० माणसे मेली. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण आयोगाने फेब्रुवारी १९९८ मध्ये दिलेल्या अहवालात पोलीस दलात मुसलमानांविषयी मुरलेला पूर्वग्रह असल्याचे नोंदविले आणि ३१ पोलिसांवर नावानिशी दोषारोप केला. नियंत्रण कक्षाच्या बिनतारी संभाषणाच्या ध्वनिफितीही आयोगासमोर आल्या होत्या. एरवी मनात राहणारा द्वेष तेथे कामकाजाच्या भाषेत उमटला होता. कागदपत्रांच्या आधारे मनाचा इतिहास लिहिता येतो का, असे विद्यार्थी विचारतात, तेव्हा आम्हांस या ध्वनिफिती आठवतात.

या प्रकरणातील सर्वांत बोधप्रद व्यक्ती मात्र आयोगाचे अध्यक्षच होत. श्रीकृष्ण हे आचरणाने श्रद्धाळू हिंदू, संस्कृतचे अभ्यासक. तरीही तत्कालीन युती सरकारने त्यांचा अहवाल हिंदुविरोधी ठरवून फेटाळला. याच सरकारने जानेवारी १९९६ मध्ये आयोग गुंडाळला होता आणि मे महिन्यात पुन्हा कामाला लावला होता. म्हणजे ज्याच्या घरी देव्हारा होता त्याने पुरावा पुराव्यासारखा वाचला. यावरून एक गोष्ट निघते. कर्तव्याच्या आड श्रद्धा येते असे सरसकट म्हणणे चूक आहे. समोरच्या माणसाची तक्रार ऐकण्यापूर्वीच तिचा निकाल लावणारी श्रद्धा आड येते. आणि तिच्यासाठी शिस्तीच्या नियमावलीत दाढीइतके सोपे माप नाही.

हा प्रश्न महानगरापुरता नाही. गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातले चिचगड हे जुन्या मध्य प्रांतातील जमीनदारीचे गाव. पुढे छत्तीसगडची सीमा लागते. सीमेपलीकडे २००५ पासून 'टोनही' ठरवून होणाऱ्या छळाविरुद्ध कायदा आहे. अलीकडे, नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, ऑगस्ट २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला व डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. त्यात सहा महिने ते सात वर्षे कैदेची तरतूद आहे आणि अंमलबजावणीसाठी दक्षता अधिकारी नेमायचा आहे, तो किमान पोलीस निरीक्षक दर्जाचा.

कायद्याने येथे पोलिसाकडून अवघड अपेक्षा केली आहे. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखालचा पोलीस पाटील तर गावातलाच माणूस. गावाचे देव त्याचे देव, गावाचे भयही त्याचे भय. करणी केल्याचा आळ आलेली बाई ठाण्यात येते तेव्हा लिहून घेणाऱ्याने मनातल्या मनात करणीवर विश्वास ठेवला, तर तिला फिर्यादी मानावे की आरोपी, हा निर्णय लेखणी कागदाला लागण्याआधीच होऊन जातो. भिवंडीच्या तपासात बिघडले ते हेच.

खाकीखाली माणूस असतो आणि माणसाला देव असतात. ते काढून ठेवा असे कोणी म्हणू नये. फिर्याद लिहिताना त्यांना साक्षीदार करू नये, एवढेच मागणे आहे. 'धर्म' शब्दाचे पहिले घर तेवढ्यासाठीच जपायचे.