लियाँ, 24 जून 1894

दुपार. वीस वर्षांचा इटालियन बेकरी कामगार सान्ते कासेरिओ व्हिएन गावाहून पायी लियाँकडे निघाला आहे. पैसे संपत आलेत; खंजीर आदल्याच दिवशी विकत घेतलेला.

रात्री 9. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो मेजवानी आटोपून उघड्या बग्गीतून नाट्यगृहाकडे निघतात. लोकांना जवळ येऊ द्या, असं त्यांनीच सांगितलेलं.

सव्वानऊच्या सुमारास. वर्तमानपत्रात लपवलेला खंजीर घेऊन कासेरिओ पायरीवर उडी मारतो. पातं उजव्या बरगड्यांखाली यकृतात खोल जातं. बग्गीतले महापौर स्वतः डॉक्टर. पण तिथे त्यांच्या हाती काय होतं? घोडे प्रिफेक्टच्या निवासाकडे वळतात.

दहानंतर. पाँसे जखम रुंद करून आत बोट घालतात आणि औषधी जाळीचे बोळे दाबून भरतात. शेजारी ओलिए. दोघेही शहरातले नामांकित सर्जन. त्यांना दोष देणाऱ्यांशी मी सहमत नाही. दाबून रक्त थोपवायचं, ही दिशा बरोबरच होती. आजचा सर्जनही आधी दोन्ही हातांनी यकृत दाबतो, मग त्याच्या भोवती, जखमेत नव्हे, पट्ट्या रचतो. पोट तात्पुरतं झाकून रुग्णाला अतिदक्षता विभागात नेतो आणि दिवस-दोन दिवसांनी पुन्हा उघडतो. पण इथे पोर्टल शिराच फाटली होती. आतड्यांकडून यकृताला येणारा, त्याच्या एकूण रक्तपुरवठ्याचा सुमारे तीन-चतुर्थांश वाटा वाहणारी ही शिरा. बोळे तिथवर पोचत नव्हते. गेलेलं रक्त भरून काढायची सोयही नव्हती; रक्तगटांचा शोध लागायला अजून सात वर्षं होती.

मध्यरात्र. नाडी हाताला लागेनाशी होते.

साडेबारा उलटल्यावर. कार्नो यांचा मृत्यू. शवविच्छेदनात शिरेला दोन भोकं सापडली.

लियाँमध्येच शिकणारा विशीतला अलेक्सी कारेल म्हणत राहिला, की शिरा शिवता आली असती तर माणूस वाचला असता. ज्येष्ठांना ते पटलं नाही. तो भरतकाम करणाऱ्या बाईकडे बारीक टाके शिकला. 1902 मध्ये त्याने रक्तवाहिन्या जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली, 1912 मध्ये नोबेल मिळवलं. 1908 मध्ये ग्लासगोच्या प्रिंगलने यकृताकडे जाणारा रक्तवाहिन्यांचा जुडगाच चिमटीत धरून रक्त थांबवण्याची रीत लिहिली. शस्त्रक्रियागृहात ती आजही वापरतात.