सुकाणू आणि कासरा

१८७० साल नुकते उजाडले होते. मुंबईच्या बंदरात त्या वेळी जगातले सर्वांत मोठे जहाज येऊन उभे राहिले. ‘ग्रेट ईस्टर्न’ हे त्याचे नाव आणि लांबी ६९२ फूट! मुंबईपासून एडनपर्यंत समुद्राच्या तळाशी तारायंत्राची तार टाकण्याच्या कामगिरीवर ते आले होते. या तारेचा उल्लेख इतिहासाच्या पुस्तकांत सापडतो, आणि तो असावयासच हवा. परंतु त्या जहाजावर आणखी एक वस्तू होती. तिच्याकडे मात्र इतिहासकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही. ती वस्तू म्हणजे वाफेवर चालणारे सुकाणूचे यंत्र. आज मुलांच्या रिमोटच्या गाडीत काड्यापेटीहून जराशी थोराड अशी जी काळी डबी बसवलेली असते आणि जिला ‘सर्व्हो’ म्हणतात, तिची ही पणजी होय.

एवढ्या अवाढव्य जहाजाचे सुकाणू माणसांच्या बळावर फिरवायचे म्हणजे काय दिव्य असेल, याची कल्पना करावी. समुद्र खवळला की चाकाला एकाच वेळी अनेक खलाशी झोंबत. सप्टेंबर १८६१ मध्ये अटलांटिकवरच्या एका वादळात तर या जहाजाच्या सुकाणूचा दांडाच मोडला आणि ते धूड उतारूंसकट लाटांवर भरकटत राहिले. पुढे १८६७ च्या सुमारास जॉन मॅकफार्लेन ग्रे नावाच्या इंजिनियराने त्यावर आपले यंत्र बसविले. नुसते वाफेचे बळ सुकाणूला जोडले असते तर त्यात विशेष ते काय? खरी खुबी निराळीच होती. सुकाणूवाल्याने आपले लहानसे चाक थोडे वळवले की वाफेची झडप उघडे आणि सुकाणू फिरू लागे. पण सुकाणू फिरता फिरता तेच ती झडप मिटवीत नेई. जेवढे सांगितले तेवढे झाले की वाफ बंद! सांगितले किती आणि झाले किती, याचा हिशेब यंत्र स्वतःच ठेवी.

१८७३ मध्ये झोझेफ फार्को या फ्रेंच इंजिनियराने अशा यंत्रांवर एक ग्रंथच लिहिला आणि त्यांना ‘सर्व्हो-मोत्यूर’ असे नाव दिले. लॅटिनमध्ये ‘सर्वुस’ म्हणजे दास. तेव्हा सर्व्होचा अर्थ झाला दासयंत्र. मला हे नाव मोठे मार्मिक वाटते. फार्कोने त्याला बलयंत्र म्हटले नाही, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग आहे.

आमच्या भोर तालुक्यातल्या माणसाला तरी ही कल्पना परकी वाटू नये. पुण्यातच इंजिनियरिंग शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसविले. आमच्या भाटघर धरणालाही स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी किती चढले याची वर्दी पाणीच दरवाजाला देते. पहारेकरी झोपला म्हणून दरवाजा झोपत नाही. पावसाळ्यात ते दरवाजे उघडले की ते पाणी नीरेतून आमच्या सारोळ्यावरून वीर धरणाकडे निघते, आणि शाळेतली मुले नदीकडे पाहून सांगतात, “सर, भाटघर भरलं!”

याच मुलांपायी मला या इतिहासात शिरावे लागले. आमचे सारोळे पुणे-सातारा हमरस्त्यावरचे. कापूरहोळ, किकवी सोडले की सारोळे, आणि पूल ओलांडला की शिरवळ. म्हणजे नदीच्या अलीकडे पुणे जिल्हा आणि पलीकडे सातारा. येथल्या एका मुलाचा थोरला भाऊ शिरवळच्या कारखान्यात नोकरीला आहे. त्याने पुण्यातल्या एका हौशी गृहस्थाकडून एक जुनी रेडिओवर चालणारी ‘बगी’ विकत आणली. आपली लग्नातली घोड्यांची बग्गी ती ही नव्हे. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात ब्रूस मायर्सने फोक्सवॅगनचे भाग वापरून वाळूत उधळणारी एक हलकी मोटार तयार केली. तशा मोटारींची ही छोटी प्रतिकृती. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्शे मोटारीची रेडिओवरची गाडी काढली आणि १९७९ मध्ये वाळूतल्या बग्या काढल्या, तेव्हापासून जगभरच्या पोरांना (आणि खरे सांगायचे तर त्यांच्या बापांना) हे वेड लागले.

सारोळ्यात आलेली बगी विजेवरची नव्हती. आठास एक या प्रमाणाची, साडेतीन सी.सी.चे इंजिन असलेली, वजन साडेतीन किलोच्या घरात. तिच्या पोटात दोन सर्व्हो. एक पुढची चाके वळवणारा आणि दुसरा इंजिनाची ‘रेस’ कमीजास्त करणारा. पहिल्याचे दात झडलेले. दुसरा जागच्या जागी थरथरत असे. मुलांनी वर्गणी करून दोन हजार रुपये जमवले होते. प्रश्न घेऊन ती माझ्याकडे आली, कारण शाळेत रेडिओ दुरुस्त करणारा मीच एक.

“सर, एक भारी घेतो स्टिअरिंगला. रेसला कुठला का असेना, चालतंय की!”

हे मत एकट्या मुलांचे नाही. दुकानदारही असेच सांगतो. रेसच्या बाजूला जोर लागतो तो किती? कार्बोरेटरची एवढीशी नळी उघडायची नि मिटायची. परंतु त्या दुसऱ्या सर्व्होचा इतिहास मुलांना ठाऊक नव्हता.

१८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्लाने बिनतारी लहरींनी एक छोटी नाव चालवून दाखविली. पाहणारे थक्क झाले. तरी त्या नावेला हुकूम देता येई तो टप्प्याटप्प्याने. ‘थोडेसे डावीकडे’ अशी नाजूक भाषा तिला समजत नव्हती. पुढे १९३७ मध्ये अमेरिकेतल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी रेडिओवर विमान उडविले. त्या पिढीतल्या हौशी लोकांची रीत मोठी गमतीची होती. पीळ दिलेले रबर सुकाणूला जोडायचे आणि एका खटक्याने ते अडवून ठेवायचे. बटण एकदा दाबले की सुकाणू पूर्ण उजवीकडे, दोनदा दाबले की पूर्ण डावीकडे, सोडले की मध्ये. म्हणजे बैलाला कासऱ्याने हळूच इशारा करण्याऐवजी दर खेपेस हिसकाच द्यायचा!

१९६० नंतरच्या दशकात हे पालटले. आकाशवाणीतून जाणारा हुकूम आता स्पंदाच्या लांबीत सांगितला जाऊ लागला. सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढे स्पंद आले तर एका टोकाला, दोन हजारांशाचे आले तर दुसऱ्या टोकाला आणि दीडचे आले तर बरोबर मध्ये. असा निरोप सेकंदाला पन्नास वेळा. डबीत एक इवलीशी मोटर, दात्यांची माळ आणि जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणासारखा एक भाग असतो. तो बाहेरच्या दांडीबरोबर फिरतो आणि ‘मी इथवर आलो’ हे आतल्या मंडळाला कळवतो. निरोप आणि खबर जुळेपर्यंत मोटर फिरते, जुळली की थांबते. ग्रेची वाफेची झडप ती हीच.

आरंभीच्या तामिया गाड्यांतही दोन सर्व्हो असत. दुसरा तांब्याच्या पट्ट्यांवरून एक घोडा सरकवी आणि मोटरीला मंद, मध्यम, जलद अशी वीज देई. पुढे तेच काम इलेक्ट्रॉनिक मंडळ करू लागले आणि विजेवरच्या बगीतून दुसरा सर्व्हो हद्दपार झाला. ज्यांच्या घरी विजेवरची बगी आहे त्यांना एकाच सर्व्होची निवड करावी लागते. इंजिनाच्या बगीत मात्र तो टिकला, आणि का टिकला तेच महत्त्वाचे. तो एका बाजूला ओढतो तेव्हा कार्बोरेटर उघडतो. उलट ढकलतो तेव्हा ब्रेक लावतो. ज्याला मुले ‘रेसचा’ म्हणत होती तो ब्रेकचाही धनी होता!

आता निवडीकडे येऊ. सर्व्होवर जोर किलो-सेंटिमीटरमध्ये लिहिलेला असतो. फुताबाचा ‘एस ३००३’ हा सर्वत्र पसरलेला साधा सर्व्हो घ्या. ४.८ व्होल्टवर त्याचा जोर ३.२. म्हणजे दांडी एक सेंटिमीटरची असेल तर तिच्या टोकाला ३.२ किलो, दोन सेंटिमीटरची केली की निम्मे. त्यातही मेख अशी की हा आकडा सर्व्हो दमून थांबतो तेथला असतो, सुखाने काम करतो तेथला नव्हे. आणि ४.८ का? तर जुन्या घटांचे व्होल्ट १.२ आणि घट चार. कित्येक दुकानदार सहा व्होल्टचा आकडा सांगून सर्व्हो ‘भारी’ करतात. तेव्हा आपल्या गाडीत किती व्होल्ट आहेत ते आधी पाहावे.

दुसरा आकडा चपळाईचा. हाच सर्व्हो साठ अंश वळायला ०.२३ सेकंद घेतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी बगी सेकंदाला दहा मीटर कापते; म्हणजे चाके पुरती वळेपर्यंत ती सव्वादोन मीटर पुढे गेलेली! शेताचा बांध तेवढ्यात येतो. म्हणून आठास एकच्या बगीला स्टिअरिंगसाठी दहा किलो-सेंटिमीटरच्या वरचा जोर आणि साठ अंशांना ०.१५ सेकंदाच्या आतली चपळाई पाहावी. दाते धातूचे असावेत, कारण बांधाचा धक्का चाकातून थेट दात्यांवर येतो. स्टिअरिंगच्या जोडात धक्का झेलणारी स्प्रिंग असते. ती गंजली असेल तर धातूचे दातेही वाचत नाहीत.

रेस-ब्रेकच्या सर्व्होला एवढा जोर नको; पाच-सहा पुरे. त्याच्याकडून हवी ती खात्री. मध्यावर आणला की तो दर वेळी नेमका मध्यावर यावा, इंजिनाच्या थरथरीने डगमगू नये, आणि धूळ-पाणी आत शिरू नये म्हणून त्याचे जोड बंदिस्त असावेत. आमचा जुना सर्व्हो जागच्या जागी थरथरत होता याचा अर्थ आतला खबऱ्या झिजला होता. बाहेरून जोर शाबूत, पण आपण कोठे आहोत हे त्याला कळेनासे झाले होते.

स्टिअरिंग बिघडले तर बगी बांधावर आपटेल, एखादा आर्म मोडेल. दोनशे रुपयांचे काम. रेस उघडी अडकली तर साडेतीन किलोचे ते धूड सुसाट सुटेल, आणि आमच्या पटांगणापासून हमरस्ता हाकेच्या अंतरावर. तेथे रात्रंदिवस ट्रक धावतात, आणि बगीमागे धावणारी पोरे आठ-दहा वर्षांची. हे मी मुलांना सांगितले तेव्हा ती गप्प झाली. त्यांतल्या एकाचे आजोबा बैलगाड्याच्या शर्यतींतले जुने जाणकार. ते ओट्यावरून म्हणाले, “बैल कसा का असंना, कासरा नवा घ्या रं.”

तेव्हा एक भारी आणि एक टाकाऊ ही योजना रद्द झाली. बाजारात काहीशे रुपयांत धातूच्या दात्यांचे, मोठमोठे आकडे छापलेले सर्व्हो मिळतात. खेळण्यातल्या रोबोला ते ठीक, पण ब्रेकवर मी ते लावू दिले नाहीत. नामांकित कंपनीचे, मध्यम जोराचे दोन सर्व्हो ठरले. स्टिअरिंगचा थोडा चपळ, दुसरा साधा पण बंदिस्त. दोन हजारांत ते बसेनात. उरलेले पैसे भावाने घातले. दांडीच्या खाचाही मोजून घेतल्या. फुताबाच्या पंचवीस, हायटेकच्या चोवीस. एकाची दांडी दुसऱ्यावर दाबून बसवली की ती भर वेगात घसरते. शिवाय कार्बोरेटरला परतीची स्प्रिंग लावली, म्हणजे सर्व्होची दांडी निखळली तरी रेस मिटेल.

राहता राहिला रेडिओ. लहरी तुटल्या तर रेसच्या सर्व्होने कोणत्या जागी जाऊन थांबावे, हे आजच्या बहुतेक रिसीव्हरांना आधी शिकवून ठेवता येते. आमचा रिसीव्हर जुना असला तरी त्यात ही सोय होती. पूर्वीच्या मालकाने ती वापरलीच नव्हती. दसऱ्याच्या सुट्टीत मुलांनी बगी विटांवर ठेवली, चाके अधांतरी. इंजिन सुरू केले, रेस अर्धी दिली आणि हातातला रेडिओ मुद्दाम बंद केला. दांडी उलट फिरली, ब्रेकवर जाऊन थांबली. हा प्रयोग त्यांनी दहा वेळा केला, वहीत लिहिला, आणि मगच बगी भात कापलेल्या खाचरात उतरवली, हमरस्त्याच्या उलट बाजूला.