शेवटच्या वळणावर गेलेलं विजेतेपद : फॉर्म्युला वनमध्ये नशीब किती, अन्याय किती?

२ नोव्हेंबर २००८. ब्राझीलच्या साओ पावलोमधला इंटरलागोसचा ट्रॅक. फेरारीचा फेलिपे मासा घरच्या प्रेक्षकांसमोर शर्यत जिंकला आणि फेरारीच्या गॅरेजमध्ये त्याच्या घरच्यांनी उड्या मारायला सुरुवात केली. त्या क्षणाच्या हिशोबाने मासा जगज्जेता होता.

ही जगज्जेतेपदाची मजल टिकली साधारण अर्धा मिनिट.

तर झालं असं होतं की मॅक्लारेनच्या लुईस हॅमिल्टनला विजेतेपदासाठी फक्त पाचवा नंबर पुरेसा होता. शर्यत संपता संपता पाऊस आला, बहुतेकांनी पावसाचे टायर लावले आणि ७१ पैकी ६९व्या लॅपमध्ये सेबास्टियन व्हेटेलने हॅमिल्टनला मागे टाकलं. हॅमिल्टन सहावा. मासा रेषा ओलांडून गेला तेव्हाही तो सहावाच होता. पुढे टोयोटाचा टिमो ग्लॉक कोरड्या ट्रॅकच्या टायरवर घसरत, सावरत चालला होता. शेवटच्या लॅपच्या शेवटच्या मोठ्या वळणावर हॅमिल्टनने त्याला गाठलं आणि तो पाचवा आला. अंतिम गुण : हॅमिल्टन ९८, मासा ९७.

त्यानंतर ग्लॉकने मुद्दाम वाट दिली म्हणून लोकांनी त्याच्यावर खापर फोडलं. पण जरा शांतपणे हिशोब करा. पाऊस यायच्या आधी ग्लॉक हॅमिल्टनच्या मागेच होता. टायर न बदलण्याचा जुगार खेळला म्हणून तो पुढे आला. त्यानेही सगळ्यांसारखे टायर बदलले असते, तर हॅमिल्टन चौथा राहिला असता आणि व्हेटेल पुढे गेल्यावर पाचवा. म्हणजे निकाल तोच. ग्लॉकने मासाचं विजेतेपद घालवलं नाही. उलट त्याच्यामुळेच मासाच्या घरच्यांना ते अर्ध्या मिनिटाचं जगज्जेतेपद मिळालं.

मग मासाचा एक गुण गेला कुठे?

विजेतेपद एका शर्यतीत ठरत नाही. २००८ च्या मोसमात १८ शर्यती होत्या आणि पहिल्या नंबरला १० गुण होते. हंगेरीत मासा आघाडीवर असताना शेवटचे तीन लॅप उरले होते आणि त्याचं इंजिन गेलं. तिथे दहा गुण धुरात गेले. बेल्जियममध्ये मात्र ट्रॅकवर हॅमिल्टन जिंकला होता. वळण तोडून फायदा घेतला म्हणून त्याला २५ सेकंदांची शिक्षा झाली आणि विजय मासाच्या नावावर लागला. सिल्व्हरस्टोनच्या पावसात मासाने गाडी इतक्या वेळा गरगर फिरवली की तो १३वा आला. कॅनडात हॅमिल्टनने पिट लेनमध्ये लाल दिव्याला थांबलेल्या रायकोनेनला मागून धडक दिली. इंजिनचं नशीब आणि स्वतःचा गाढवपणा दोघांच्याही वाट्याला आला होता. इथपर्यंत चाहते भांडतात, पण कोर्टात जात नाहीत.

कोर्टात गेलं ते सिंगापूर.

२८ सप्टेंबर २००८, फॉर्म्युला वनची रात्री दिव्यांच्या उजेडात झालेली पहिली शर्यत. मासा पोलवरून निघून आघाडीवर होता. रेनोचा फर्नांडो अलोन्सो बराच मागून निघाला होता आणि त्याने इतरांच्या खूप आधी पिटमध्ये येऊन इंधन भरून घेतलं होतं. लगेचच त्याचाच सहकारी नेल्सन पिके ज्युनियर भिंतीवर आदळला. सेफ्टी कार आली, बाकीच्यांना गर्दीत पिटला जावं लागलं आणि अलोन्सो आयता पुढे गेला. शर्यतही तोच जिंकला.

या गर्दीत फेरारीच्या माणसांनी मासाला हिरवा दिवा एक क्षण आधी दाखवला. इंधनाची नळी गाडीला लागलेलीच होती. मासा नळी ओढत पिट लेनच्या टोकापर्यंत गेला, मेकॅनिक मागून धावत आले, वर शिक्षाही झाली. तो १३वा आला. शून्य गुण. हॅमिल्टन तिसरा, सहा गुण.

पुढच्या वर्षी रेनोने पिकेला काढून टाकलं आणि त्याने सांगून टाकलं की ती धडक ठरवून केलेली होती. रेनोने आरोप लढवले नाहीत. संघप्रमुख फ्लाव्हियो ब्रियाटोरे आणि तांत्रिक प्रमुख पॅट सिमंड्स यांना पायउतार व्हावं लागलं. ब्रियाटोरेवरची बंदी नंतर फ्रान्सच्या कोर्टाने रद्द केली. शर्यतीच्या निकालाला मात्र कुणी हात लावला नाही.

आता मासाची बाजू आकड्यांत बघा. सिंगापूरची शर्यत रद्द धरली तर हॅमिल्टनचे सहा गुण जातात आणि तो ९२ वर येतो. मासाचे तिथे गुणच नव्हते, त्यामुळे तो ९७ वरच राहतो. म्हणजे जगज्जेता मासा.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. नळी पिकेने अडकवली नव्हती, ती फेरारीची स्वतःची चूक होती. सेफ्टी कार खऱ्या अपघाताने आली असती तरी हेच होऊ शकलं असतं. आणि हॅमिल्टनचा या कटाशी काहीच संबंध नव्हता, मग त्याचे गुण कापायचे कशाबद्दल? माझ्या मते मासाची तक्रार खरी आहे, पण तिच्यावरचा उपाय विजेतेपद फिरवणं हा नाही. सिंगापूरनंतर आणखी तीन शर्यती झाल्या आणि त्या सगळ्यांनी ‘आता किती गुण हवेत’ हे समोर ठेवूनच चालवल्या. मधली एक वीट काढून वरची भिंत तशीच उभी राहील असं धरून चालता येत नाही.

हिशोबाची पद्धत बदलली की विजेता बदलतो

२००८ मध्ये मासाने सहा शर्यती जिंकल्या होत्या आणि हॅमिल्टनने पाच. ‘जास्त जिंकला तो मोठा’ असा नियम असता तर चर्चाच नव्हती. पण नियम आधी ठरतो आणि मग कोणाचं नशीब मोजायचं तेही त्यातच ठरतं.

१९८८ मध्ये १६ पैकी सर्वोत्तम ११ निकालच धरले जायचे. हेतू चांगला होता : गाडी चार-पाच वेळा बंद पडली म्हणून कुणाचं वर्ष वाया जाऊ नये. पण अॅलन प्रोस्ट जवळजवळ प्रत्येक शर्यतीत पहिला किंवा दुसरा येत होता. त्याची एकूण कमाई १०५ गुण, धरले ८७. आयर्टन सेनाची कमाई ९४, धरले ९०. विजेता सेना. सातत्य ठेवलं म्हणून प्रोस्टचे १८ गुण कापले गेले. ऐकायला विचित्र वाटतं, पण दोघांनाही हे पहिल्या शर्यतीआधीच माहीत होतं.

प्रोस्टची त्याआधीची गोष्ट तर याहून भारी आहे. १९८४, मोनाको, धो धो पाऊस. प्रोस्ट पहिला, पण मागून तेव्हाचा नवखा सेना झपाट्याने जवळ येत होता. प्रोस्टने हातवारे करून शर्यत थांबवा असं सुचवलं आणि खरोखरच ती ३१ लॅपनंतर थांबवली गेली. प्रोस्ट विजेता. पण शर्यत पुरेशी झाली नाही म्हणून नऊऐवजी साडेचार गुण. वर्षाच्या शेवटी निकी लाउडा ७२, प्रोस्ट ७१.५. शर्यत पूर्ण होऊन प्रोस्ट सेनाच्या मागे दुसरा आला असता, तरी त्याला सहा गुण मिळाले असते आणि तो जगज्जेता झाला असता. जिंकल्यामुळे हरणं म्हणतात ते हेच.

आणि एक नाव घेतल्याशिवाय हा विषय पुढे जात नाही : स्टर्लिंग मॉस. १९५८ च्या पोर्तुगाल शर्यतीत त्याचा प्रतिस्पर्धी माइक हॉथॉर्न दुसरा आला. पण बंद पडलेली गाडी सुरू करताना तो उलट दिशेने गेला म्हणून त्याला बाद करायचं चाललं होतं. मॉसने स्वतः जाऊन सांगितलं की तो ट्रॅकवर नव्हता, बाजूच्या पादचारी पट्टीवर होता. हॉथॉर्नचे गुण वाचले. वर्षाअखेरीस हॉथॉर्न ४२, मॉस ४१. मॉसने चार शर्यती जिंकल्या होत्या, हॉथॉर्नने एक. मॉस पुढे कधीच जगज्जेता झाला नाही.

आणि अबू धाबी?

२०२१ च्या शेवटच्या शर्यतीआधी हॅमिल्टन आणि मॅक्स व्हर्स्टॅपन दोघांचेही ३६९.५ गुण होते. हॅमिल्टन आरामात पुढे होता. शेवटचे पाच-सहा लॅप उरले असताना निकोलस लतिफी आदळला आणि सेफ्टी कार आली. व्हर्स्टॅपनने नवे मऊ टायर घेतले. हॅमिल्टन जुन्या कडक टायरवरच राहिला. इथपर्यंत शुद्ध नशीब.

पुढचं मात्र एका माणसाने ठरवलं. एक लॅप मागे पडलेल्या गाड्यांना सेफ्टी कारच्या पुढे जाऊ देतात. रेस डायरेक्टर मायकल मासी यांनी फक्त त्या दोघांच्या मधल्या पाच गाड्यांना जाऊ दिलं, आणि सेफ्टी कार नियमाप्रमाणे आणखी एक लॅप न ठेवता लगेच आत बोलावली. उरला एक लॅप. नव्या टायरवरचा व्हर्स्टॅपन पुढे गेला. बचाव असा झाला की नियमात ‘कोणत्याही गाड्या’ असं आहे, ‘सगळ्या’ असं नाही! नंतर तो शब्द बदलून ‘सगळ्या’ केला गेला. मासींना पद सोडावं लागलं, एफआयएच्या चौकशीने मानवी चूक मान्य केली आणि निकाल कायम ठेवला.

व्हर्स्टॅपनचे चाहते इथे बाकूची आठवण काढतात. तिथे तो आघाडीवर असताना टायर फुटला होता. हंगेरीत दुसऱ्याच्या धडकेत त्याची गाडी मोडली होती. हे खरंच आहे, वर्षभराचं पारडं बघितलं तर नशीब त्याच्यावर फार मेहेरबान नव्हतं. पण टायर फुटताना कोणी नियमाचं पुस्तक बाजूला ठेवलं नव्हतं.

मासाची लढाई २०२३ मध्ये पुन्हा पेटली. एका मुलाखतीत फॉर्म्युला वनचे माजी सर्वेसर्वा बर्नी एक्लस्टन यांच्या तोंडी असं आलं, की सिंगापूरचा प्रकार त्यांना २००८ मध्येच कळला होता. मासाने लंडनच्या हायकोर्टात एफआयए, फॉर्म्युला वनची कंपनी आणि एक्लस्टन यांच्यावर दावा लावला. नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टाने त्याला जगज्जेता जाहीर करण्याची मागणी फेटाळली, पण कटाबद्दलच्या नुकसानभरपाईचा भाग सुनावणीसाठी ठेवला. २००८ च्या यादीत नाव हॅमिल्टनचंच आहे.