अजिंठ्याच्या तैलप्रती : वत्सगुल्मापासून लंडनपर्यंत

आजच्या वाशीम जिल्ह्याचा प्राचीन इतिहास वत्सगुल्म या नगरीभोवती गुंफलेला आहे. वत्सगुल्म म्हणजेच वाशीम, हे वाकाटक घराण्याच्या एका शाखेचे राजधानीचे ठिकाण होते आणि 1939 मध्ये येथे सापडलेल्या विंध्यशक्ती दुसरा याच्या ताम्रपटामुळे या शाखेची स्वतंत्र ओळख अभ्यासकांना पटली. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात याच शाखेचा राजा हरिषेण याच्या काळात अजिंठ्याची बहुतेक महायानकालीन लेणी कोरली व रंगवली गेली. सोळाव्या लेण्यातील शिलालेखात तर त्याचा मंत्री वराहदेव याने ते लेणे भिक्षुसंघाला अर्पण केल्याची नोंद आहे. अजिंठ्याच्या चित्रांचा पुढचा इतिहास म्हणूनच वऱ्हाडाच्याही इतिहासाचा भाग ठरतो, आणि त्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण आहे ते या चित्रांच्या हाताने रंगवलेल्या तैलप्रतींचे.

तैलप्रत म्हणजे एखाद्या मूळ चित्राची कापडावर, तेलात खललेल्या रंगांनी हाताने केलेली नक्कल. युरोपात ही पद्धत चित्रकाराच्या शिक्षणाचाच भाग होती. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने 1887 मध्ये हिरोशिगे या जपानी चित्रकाराच्या छापचित्रांच्या तैलप्रती केल्या, तर 1889-90 मध्ये मिले या चित्रकाराच्या चित्रांच्या कृष्णधवल छापांवरून रंगीत चित्रे रचली. व्हॅन गॉगच्याच चित्रांच्या हाताने रंगवलेल्या प्रती आज चीनमधील दाफेन या वस्तीत व्यापारी मालासारख्या तयार होतात. अजिंठ्याच्या प्रतींमागचा हेतू मात्र ना शिक्षणाचा होता ना विक्रीचा; भिंतीवरचे चित्र नाहीसे होण्याआधी त्याची नोंद करून ठेवण्याचा तो प्रयत्न होता.

1819 मध्ये जॉन स्मिथ या मद्रास सैन्यातील अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली आणि त्यांचा बोभाटा झाल्यावर पाहुण्यांची वर्दळ वाढून चित्रांची हानीही वाढली. जेम्स फर्ग्युसन या वास्तुअभ्यासकाने रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे लेण्यांवरील निबंध वाचून प्रतींची निकड मांडली, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी 1844 मध्ये या कामावर रॉबर्ट गिल या सैनिकी चित्रकाराची नेमणूक केली. गिलने 1863 पर्यंत, म्हणजे जवळपास दोन दशके, निजामाच्या मुलखातील अजिंठ्याच्या दरीत हे काम केले आणि सुमारे तीस मोठ्या तैलप्रती लंडनला पाठवल्या. सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडल्या होत्या. 1866 च्या डिसेंबरात तेथे लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक जळून गेल्या आणि तेव्हा प्रदर्शनात नसलेल्या मोजक्याच प्रती उरल्या. एका माणसाच्या उमेदीच्या वर्षांचे श्रम अशा रीतीने नष्ट व्हावेत, ही कलेतिहासातील फार मोठी हानी मानली पाहिजे. गिलने छायाचित्रणही केले आणि 1879 मध्ये भुसावळ येथे त्याचे निधन झाले.

दुसरा प्रयत्न मुंबईतून झाला. 1857 मध्ये स्थापन झालेल्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतील शिक्षक जॉन ग्रिफिथ्स याने 1872 मध्ये हे काम सरकारच्या गळी उतरवले आणि 1885 पर्यंत, मध्ये खंड पडत, आपल्या विद्यार्थ्यांकडून सुमारे तीनशे प्रती करून घेतल्या. या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी यांचा समावेश होता; पुढे पारशी कुटुंबजीवनाची तैलचित्रे रंगवणारे चित्रकार म्हणून ते नावारूपाला आले. कलाशाळेत ग्रीक पुतळ्यांचे साचे समोर ठेवून रेखाटन शिकणाऱ्या या तरुणांना आपल्याच भूमीतील अभिजात चित्रपरंपरेसमोर दीर्घकाळ बसता आले, आणि या कामाचे हे फलित प्रतींइतकेच मोलाचे होते. ग्रिफिथ्सला विशेष भावले ते वराहदेवाच्याच सोळाव्या लेण्यातील मरणासन्न राजकन्येचे चित्र, जे आता पती नंदाच्या संन्यासाची वार्ता ऐकून कोसळलेल्या सुंदरीचे मानले जाते. याही प्रतींच्या वाट्याला आग आलीच: 1885 मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधील आगीत शंभराहून अधिक प्रती गेल्या. उरलेल्यांच्या आधारे 1896-97 मध्ये ग्रिफिथ्सचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला, आणि त्या प्रती आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

मूळ चित्र आणि तैलप्रत यांच्या द्रव्यांत मूलतः फरक आहे, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. अजिंठ्याच्या भिंतींवर माती, भाताचे तूस व वनस्पतींचे तंतू मिसळून केलेल्या गिलाव्यावर पांढरा पातळ थर देत आणि तो सुकल्यावर गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती व लाजवर्दाचा निळा असे रंग डिंकासारख्या बंधकद्रव्यात कालवून लावत. अशा भिंतीला चकाकी नसते. जवसाच्या तेलात खललेल्या रंगाला मात्र चकाकी येते, त्याच्या छटा गडद होतात आणि युरोपीय पद्धतीने शिकलेला हात छायाप्रकाशाकडे आपोआप झुकतो. त्यामुळे प्रतीत आकृती, मांडणी आणि तपशील विश्वासार्ह मिळतात, पण रंगाच्या बाबतीत तिच्यावर पूर्णपणे विसंबता येत नाही.

याहून गंभीर बाब अशी की काळवंडलेली चित्रे प्रत करताना स्पष्ट दिसावीत म्हणून या दोन प्रयत्नांच्या काळात भिंतींवर व्हार्निश, म्हणजे राळेचा पारदर्शक लेप, चढवला गेला. कालांतराने तो पिवळा-तपकिरी पडला, त्याने धूळ धरली, आणि काही ठिकाणी आकसताना रंगाचा पापुद्राही सोबत ओढला. निजाम सरकारने 1920 च्या सुमारास बोलावलेल्या लोरेन्झो चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी सुटणारे पापुद्रे चिकटवले खरे, पण पृष्ठभागावर लाखेचाही लेप दिला. हे थर उतरवण्याचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनशास्त्रज्ञांना पुढे कित्येक दशके करावे लागले.

तेलाची मर्यादा ओळखून तिसरी फळी जलरंगांकडे वळली. 1909 ते 1911 दरम्यान ख्रिस्तियाना हेरिंगहॅम यांनी नंदलाल बोस, असितकुमार हलदार, सय्यद अहमद आदींच्या साहाय्याने केलेल्या प्रती 1915 मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यानंतर काही वर्षांतच आराई काम्पो या जपानी चित्रकाराने पहिल्या लेण्याच्या प्रती केल्या, पण त्या टोकियोत 1923 च्या भूकंपात भस्मसात झाल्या. हरिषेणाच्या काळातील रंग ज्या भिंतींवरून गळून गेले आहेत, तेथील हात, चेहरे व वस्त्रांच्या किनारी जाणून घेण्यासाठी अभ्यासकाला आज वाचलेल्या तैलप्रतींकडेच जावे लागते, आणि त्या ठिकाणी ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांची नक्कल मूळ पुराव्याच्या जागी उभी राहते.